बॉयलरमागची भिंत

कुडव्याच्या भुपेंद्रचा फोटो स्टुडिओ लग्नांवर चालतो. लग्नसराई संपली की हा गृहस्थ कॅमेरा गळ्यात अडकवून गोंदियातल्या बंद राइस मिल, ओस गोदामं, पडके क्वार्टर, कुठंही घुसतो आणि भिंतींचे फोटो काढतो. कोणी स्प्रेनं वाघ काढलेला असतो, कोणी कोळशानं हिरोईन. इंटरनेटवर याला ग्राफिटी म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, आपल्याकडं याला रिकामटेकडेपणा म्हणतात. तो हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

मागच्या वर्षी एका बंद मिलच्या बॉयलरखोलीत त्याला चित्रं सापडली. भिंती धुरानं काळ्याकुट्ट, आणि त्या काजळीत नुसत्या बोटानं पुसून काढलेले बैल, सायकल, धानाची पोती. खाली नाव, गुड्डू. भुपेंद्रनं ते फोटो स्टुडिओच्या काचेवर लावले. तिथंच शामकलाबाईनं ते पाहिले.

शामकलाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा गुड्डू त्याच मिलमध्ये बॉयलरला कोंडा घालायचा. मिल बंद पडल्यावर ट्रकवर क्लीनर झाला आणि कोहमाऱ्याजवळ अपघातात गेला. मोबाइलचाही चुरा झाला. आधार कार्डावरचा फोटो होता, पण तो कोणाचाही वाटावा असा. हार घालायला पोराचं तोंडच घरात नाही, हे ती येताजाता कोणालाही सांगायची.

"भाऊ, मले तेथं घेऊन चाल," ती भुपेंद्रला म्हणाली. "त्यानं सोताले काढलं असन तं?"

मिल पाडायला काढली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं गेलो. बॅटरी माझ्या हातात. बॉयलरच्या मागं भुपेंद्र आधी कधी वळलाच नव्हता. तिथल्या भिंतीवर गुड्डू होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, एक भुवई तुटकी, हसरा.

"हाच होय माहा गुड्डू," शामकलाबाई म्हणाली.

भुपेंद्र लग्नातल्या सवयीनं स्टँड लावत बसला, लेन्स पुसत बसला. मला त्याचा अजून राग येतो. आधी एक फोटो काढून घ्यायचा ना! तेवढ्यात ती पुढं झाली. "केवढा काळा झाला माहा पोरगा," म्हणत तिनं पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि लहानपणी पुसायची तसं त्याचं तोंड पुसायला लागली.

"मावशी, हात नका लावू," भुपेंद्र म्हणाला आणि घाईत त्यानं बटण दाबलं. ती बाजूला झाली तेव्हा भिंतीवर नुसता पांढुरका डाग होता.

ती काळ्या पदराकडं बघत राहिली. रडली नाही. आम्ही दोघं मात्र रडलो.

मिल पाडली. त्या फोटोत फक्त शामकलाबाईची पाठ आलीय. तो द्यायचीसुद्धा भुपेंद्रला लाज वाटत होती, पण तिनं मागून नेला, फ्रेम केला आणि त्याला रोज हार घालायला लागली. जित्या माणसाच्या फोटोला कोणी हार घालत नाही. शेजारची रुख्मा घाबरली. "काऊन असा अपशकुन करून राहिली तू?"

"तो हार मले नोहे," शामकलाबाई म्हणाली. "माह्या आड गुड्डू उभा आहे."