ढोलकी नको म्हणजे नको

माझा धाकटा भाऊ अंबरनाथच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. नव्वद सालानंतरचा तो काळ. हळद असो, लग्न असो, जयंतीची भीमगीतं असोत, ऑर्केस्ट्राचे मास्तर सांगतील ते मुकाट्याने वाजवायचं. पण घरी एकटा असला की हा भलतंच काहीतरी वाजवत बसायचा. शब्द नाहीत, ठेका नाही, नुसते लांबलांब सूर, ऐकता ऐकता डोळे मिटावेत असे. तशी एक अख्खी धून त्याने कॅसेटवर टेप केली आणि मास्तरांना ऐकवली.

मास्तर म्हणाले, "चांगलंय रे, पण झोप येते. ढोलकी टाक, वर दोन कडवी बसव, मग जयंतीला घेऊ." आमचे शहाणे घरी येऊन लगेच ढोलकीचा ठेका शोधायला बसले. माझं डोकंच फिरलं.

"आधी मला ऐकव," मी म्हणाले.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"सूर नसतील कळत. कंटाळा कळतो."

ऐकली आणि तोंडावर सांगितलं. सुरुवात फार लांबवलीस, माणूस वाट बघून उठून जाईल. मध्येच ती बासरी कशाला घुसवलीस? कीबोर्डात शंभर आवाज आहेत म्हणून सगळे वाजवायलाच पाहिजेत का? पण तो खालचा सूर हळूहळू वर येतो ना, तिथे माझ्या अंगावर काटा आला. त्याला हात लावलास तर बघ. आणि ढोलकी अजिबात नको.

तो एक-दोन दिवस फुगून बसला. मग बासरी काढली, सुरुवात कापली आणि धून पुन्हा टेप केली, ढोलकीशिवाय. मास्तर कुरकुरले. म्हणाले, भाषणांच्या आधी लाव, पण लोकांनी ऐकलं नाही तर असलं काही परत आणायचं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी सगळी वस्ती मांडवात जमली आणि कॅसेट सुरू झाली. आमच्याकडे कार्यक्रमाआधी साउंडवाला स्पीकर तपासायला असंच बिनशब्दांचं काहीबाही लावतो. लोकांना वाटलं, हे तेच. गप्पा चालूच. मागून एकजण म्हणाला, "ओ साउंडवाले, झालं ना चेकिंग? गाणं लावा आता." मास्तरांनी भावाला बंद करायची खूण केली आणि त्या बावळटाचा हात खरंच बटणाकडे गेला.

मी बायकांतून उठले, तडक स्टेजवर चढले आणि माइक घेतला. "हे चेकिंग नाही. ही माझ्या भावाने केलेली धून आहे. यात गाणं येणार नाही. ऐकायची तर गप्प बसून ऐका."

खाली आईने कपाळावर हात मारला. मारू दे. भावाने कॅसेट मागे नेऊन पहिल्यापासून लावली.

सगळे गप्प बसले असं काही नाही. पण खालचा सूर वर यायला लागला तेव्हा पुढच्या बायका बोलायच्या थांबल्या. फॅक्टरीतून थेट आलेले दोघे-तिघे काका डोळे मिटून बसले. धून शेवटपर्यंत वाजली.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर भावाला म्हणाले, "ऐकलं बाबा लोकांनी. पुढच्या वेळी ढोलकी टाकून वाजवू."

भावाने आजवर त्यांना उलटून उत्तर दिलं नव्हतं. तो म्हणाला, "नाही टाकणार."

"मग आमच्यात वाजवायचं नाही."

त्याने वायर काढून गुंडाळली. कीबोर्ड त्याचाच होता. एका बाजूने त्याने धरला, दुसऱ्या बाजूने मी, आणि घरी आणला. नातेवाईक अजून मला ऐकवतात, तुझ्यामुळे पोराचा ऑर्केस्ट्रा सुटला. सुटला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.