दोन साक्षीदार

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे ते गृहस्थ अलिबागकडचे, बेने इस्रायली ज्यू. कोणाबद्दल वाईट सांगायला गेलं की चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "तुम्ही पाहिलंत? आणखी कोणी पाहिलं?" त्यांच्या 'तोरा' या धर्मग्रंथाप्रमाणे एका साक्षीदारावर कोणाला दोषी धरत नाहीत. मी असोसिएशनची सेक्रेटरी. कोणावरच विश्वास न ठेवणारी. मला हे भाबडेपण वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एका वहिनींची रेशमी साडी हरवली. संशय जिन्याखालच्या इस्त्रीवाल्यावर. रविवारी उन्हात मीटिंग भरली. तो बाजूलाच उभा होता. त्याला हटवायचा ठराव मी मांडला.

"पाहिलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"अहो, सगळ्यांना माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे कोणीच पाहिलेलं नाही."

"मग द्या ना तुमचे कपडे त्याला."

"चलो, देतो."

ते घरी गेले आणि वडिलांची प्रार्थनेची शाल घेऊन आले. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये ते तीच पांघरतात. सगळ्यांसमोर त्यांनी ती इस्त्रीवाल्याच्या हातात ठेवली. "भैया, आराम से करना. शाम को ले जाऊंगा." त्याने आधी हात पुसले, मग ती घेतली.

ठराव मी तिथेच मागे घेतला. सोमवारी सकाळी, आजवर कोणाच्याच हाती न दिलेली माझी लग्नातली पैठणी घेऊन खाली उतरले, तर माझ्याआधी पाच-सहा जणी उभ्या.

"मॅडमजी, आज टाइम लगेगा," इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला.

मी रांगेत उभी राहिले.