छत्तीस दात की अठ्ठेचाळीस: घरच्या लॉरीतून चौसाळा ते जालना

दगडूमामा लोहार बैलगाडीतून जालन्याला जायला तयार होईनात, म्हणून आम्ही लॉरी बांधायला घेतली.

मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जालन्याच्या दवाखान्यात त्यावर इलाज होतो हे आमच्या चौसाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मामांचं म्हणणं वेगळं होतं. "चार दिस बैलगाडीत हाडं मोडून घ्यायची अन् मग डोळे कापून घ्यायचे. दोन्ही मिळून लई होतंय."

मी बीडला एका जहागीरदारांची मोटार हाकायचो. ती मोटार खड्ड्यात गेली, सांगाडा वाकला आणि माझी नोकरी गेली. जहागीरदारांनी जाताना मला इंजिन नेऊ दिलं. त्या इंजिनाखाली बाभळीच्या तुळयांचा सांगाडा बसवायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. मी खडूनं खुणा करायचो, मामा बोटांनी चाचपून कानस चालवायचे आणि त्यांची बायको गिरजामामी "तिकडं न्हाई, हिकडं" एवढंच सांगायची.

ज्यांना अशी लॉरी घरी बांधायची आहे त्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण भांडणं इथेच होतात. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर एक लहान दातेरी चक्र असतं, मागच्या आसावर एक मोठं, आणि दोन्हींमध्ये साखळी. पुढच्या चक्राला बारा दात होते. मागच्याला मी छत्तीस म्हणत होतो आणि मामा अठ्ठेचाळीस. मागे दात जास्त असले की लॉरी हळू चालते, पण ओढते जास्त. शिवाय चाकं किती मोठी लावता तेही महत्त्वाचं, कारण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता तुडवतं. म्हणजे दात वाढवून कमावलेला जोर मोठ्या चाकात जातो.

मला एका दिवसात जालना गाठायचं होतं. लष्कराच्या भंगारातली भरीव रबराची थोरली चाकं मी आधीच आणून ठेवली होती.

"येवढं पळून कुटं जायचंय?" मामा म्हणाले.

"हाकनार मी हाय," मी म्हणालो. छत्तीस दात बसले.

पौषात निघालो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना लॉरी छान पळाली, आणि उतारावर कोणतीही लॉरी छान पळते ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत बीड मागे पडलं. गेवराईच्या अलीकडे एका शेतात हुरडा भाजत होते. शेतकऱ्यानं बोलावून खाऊ घातला, पैसे घेतले नाहीत, आणि लॉरीला बैल कुठे जुंपतात एवढं विचारलं.

बैल शहागडला जुंपले. गोदावरीला तिथे पूल नाही. बैलगाड्या नेणाऱ्या मोठ्या नावेतून लॉरी पलीकडे नेली, तिथवर ठीक होतं. नंतर वाळूत मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, आणि वाळू संपून काठाचा चढ लागला तेव्हा फिरायचीही थांबली. इंजिन तीनदा गुदमरून बंद पडलं. नावाड्यानं चार बैलजोड्या आणल्या.

"कितीला केली बे ही?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"तेवढ्यात बैल आलं असतं," तो म्हणाला आणि दोर बांधू लागला.

मामा लॉरीत बसून सगळं ऐकत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

मुक्काम अंबडच्या धर्मशाळेत केला. दुसऱ्या दिवशी जालना. दवाखान्याच्या आवारात मामींनी तीन दगडांची चूल मांडली. चौथ्या दिवशी मामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, यांना घरी कशातून नेणार? मी आवाराबाहेर उभी असलेली लॉरी दाखवली. डॉक्टर तिच्याभोवती एक फेरी मारून आले. "धक्का बसता कामा नये," ते म्हणाले. "टाका उसवला तर डोळा गेला. मग माझ्याकडे आणूनही उपयोग नाही."

वीस दिवस मामांना तिथेच ठेवायचं होतं. पहिले आठ दिवस ते पट्टी बांधून उताणे पडून होते. मामी त्यांना चमच्यानं पेज भरवायच्या. मला लॉरीकडे बघत बसण्याखेरीज काम नव्हतं. थोरली चाकं, भरीव रबर, छत्तीस दात. एका दिवसात जालना गाठायला जे जे लागतं ते सगळं त्या लॉरीत होतं, आणि त्यातलं काहीही मामांच्या डोळ्याला चालणारं नव्हतं.

जिनिंगच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. भरीव चाकं त्याला ढकलगाड्यांसाठी हवीच होती. बदल्यात त्यानं एका मोडक्या मोटारीची हवेची चाकं दिली, उंचीला वीतभर कमी. मागचं चक्रही नवं कापून दिलं. साखळीला सहा कड्या वाढवाव्या लागल्या.

"किती दात?" पट्टीखालून मामांनी विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"अन् चाकं?"

"ल्हान केली. हवेची."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि झोपले.

परतीला तीन दिवस लागले. ज्यांना घाई आहे त्यांनी हा भाग सोडून द्यावा. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. हवेच्या चाकांत बाभळीचे काटे पाच वेळा घुसले. ठिगळाचं रबर आणि पंप जवळ ठेवा, आणि ठिगळ लावताना घाई करू नका, कारण तुम्ही तशीही पोचणार नाही. पण धक्के बसत नव्हते. शहागडच्या वाळूत लॉरी रुतली नाही आणि काठाचा चढ आपल्या पायांनी चढली. नावाडी बैलांचे दोर हातात घेऊन उभा होता. तो निराश झाला असावा.

मामांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला होता. दुसरा डोळा झाकलेला. रस्त्याच्या कडेचं प्रत्येक झाड ते ओळखत होते आणि आम्हाला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी घाट आला. ओझं कमी व्हावं म्हणून मी मामींना उतरून चालायला सांगितलं. लॉरी माणसाच्या चालीनं चढत होती, त्यामुळे मामी पुढे आणि आम्ही मागे.

पहिलं वळण झाल्यावर मामा म्हणाले, "रघू, गिरजा लंगडती का रं?"

"व्हय."

"कवापासून?"

"तीन वरसं झाली असतील. मला वाटलं तुमाला ठाव हाय."

दुसरं वळण आलं. "थांबव," मामा म्हणाले.

"चढ हाय, मामा."

"थांबव म्हनलं न्हवं."

मी ब्रेक दाबून धरला. छत्तीस दातांवर ही लॉरी त्या चढावर थांबली असती तर तिथेच राहिली असती. मामी मागे वळून आल्या. "काय झालं? बंद पडली?"

"पाय कावून लंगडतो तुजा?"

मामींनी आधी माझ्याकडे पाहिलं. "घन लागलावता."

"कुनाचा?"

"आपल्या भट्टीवर घन कोन मारतं?"

"तवा तू म्हनलीस, जमिनीला लागला."

"जमिनीलाच लागला," मामी म्हणाल्या. "मदी पाय व्हता."

मामा सरकले. फळीवर दोघांपुरती जागा झाली. "वर बस," ते म्हणाले.

"दोनच वळनं ऱ्हायलीत. जाती की चालत."

"वर बस, गिरजा."

त्या बसल्या. मी क्लच सोडला. साखळी करकरली, लॉरी इंचभर मागे गेली आणि मग चढू लागली. मांजरसुंब्यापर्यंत मामांनी एकाही झाडाचं नाव घेतलं नाही.

चौसाळ्यात आता लोक मला विचारतात, लॉरीनं जालना किती तासांचं. मी तीन दिवस सांगतो, आणि मग बहुतेक जण बैलगाडीचं बघतात. ते बरोबरच आहेत.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा गेलो. या खेपेला मामांनी स्वतःच्या आधी मामींना डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन पाहिलं. हाड वाकडंच जुळलंय, आता काही करता येणार नाही, असं ते म्हणाले. मामांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. उत्तर तेच आलं.

येताना घाटाच्या पायथ्याशी मामी सवयीनं उतरू लागल्या. मी म्हणालो, बसा. त्या बसल्या. लॉरी इंजिन तापून दोनदा थांबली. दोन्ही वेळा आम्ही तिघंही वरच बसून राहिलो, आणि ती निवल्यावर पुढे निघालो.