मुद्देमालातले मासे

माशांची ती फिर्याद आठवली की मला आजही हसू आवरत नाही. पोलीस खात्यात आयुष्य गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी जुनी केस सांगायला सांगितलं की माझ्या तोंडी आधी हीच येते. धाकट्या नातीने परवा कळवलं की तिच्या नव्या कंपनीने पहिल्याच दिवशी तिला हिरव्या पानाचा बिल्ला दिला आणि पर्यावरणावर चार शब्द बोलायला उभं केलं. तेव्हाच ठरवलं की ही हकिगत तुम्हां सगळ्या नातवंडांसाठी नीट, क्रमवार लिहून काढायची. नावं कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून नाशकातच आहेत, आणि दिवाळीला माझ्याकडे फराळाला येतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरला सहायक पोलीस निरीक्षक होते. औद्योगिक वसाहतीतलं पोलीस ठाणं म्हणजे भंगारचोरी, पाळी सुटल्यावरच्या मारामाऱ्या आणि सायकली हरवल्याच्या तक्रारी. एका सकाळी एक टाय लावलेले गृहस्थ आत आले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे विषप्रयोग झालाय."

मी खुर्चीतून उठलेच. "कितीजण दगावले?"

"मासे," ते म्हणाले.

ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या आमच्या हवालदारांनी स्टेशन डायरीत डोकं खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते.

गृहस्थ एका कारखान्याचे जनसंपर्क व्यवस्थापक होते. लोखंडी सुट्या भागांवर चकचकीत मुलामा चढवण्याचा त्यांचा कारखाना. असल्या कामातून निघणारं पाणी वाईट असतं, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक. पण या कंपनीचा थाट वेगळा होता. भिंती हिरव्या, गणवेश हिरवे, कागदांवर हिरवं पान. फाटकातून आत शिरताच एक देखणं तळं, त्यात लाल-केशरी मासे, आणि काठावर पाटी : ‘हे पाणी आमच्याच कारखान्यातील, शुद्ध केलेले आहे.’ शाळांच्या सहली ते तळं पाहायला यायच्या. त्या दिवशी सहलीबरोबर एक वार्ताहरही आला होता, आणि नेमके त्याच सकाळी मासे उलटे तरंगत होते.

फिर्याद होती कंपनीच्याच एका मुलीविरुद्ध. पाहुण्यांना कारखाना दाखवण्याचं काम तिच्याकडे होतं. कायम करत नाहीत या रागातून तिने तळ्यात फिनेल ओतलं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. शिवाय जाता जाता त्यांनी आणखी एक कलम जोडलं : अग्निशमन साहित्याचा गैरवापर.

"म्हणजे काय केलं तिने?"

"वाळूची लाल बादली रिकामी केली आणि त्यात मासे ठेवले."

"मेलेले?"

"नाही, जिवंत. जे वाचले ते."

मी पेन खाली ठेवलं. ज्याला मारायचे आहेत, तो वाचवत बसेल कशाला? पण पोलिसाने फिर्याद ऐकताना वाद घालायचा नसतो. ऐकायचं, लिहायचं आणि मग बघायला जायचं.

मुलगी येवल्याची, विणकरांच्या घरची. विज्ञानाची पदवी घेऊन घरातली पहिली नोकरी धरलेली. ठाण्यात आली ती दोन्ही हातांनी ती लाल बादली धरून. बादलीत सात-आठ मासे. तुम्ही कधी पाहिली असेल तर आठवेल, आगीसाठीच्या बादलीला बूड गोल असतं. कुणी इतर कामाला पळवू नये म्हणून ती जमिनीवर उभीच राहत नाही. मुलगी बादली ठेवायला जागा शोधत होती आणि ती दर वेळी कलंडत होती. शेवटी हवालदारांनी खिडकीच्या गजाला तारेचा आकडा करून टांगली.

मी चौकशी सुरू केली. "त्या सकाळी काय झालं ते सांग."

मुलगी घाबरून ताठ उभी राहिली आणि तिच्या तोंडून सहलीचं भाषणच बाहेर पडलं. "आमच्या कारखान्यात आपलं स्वागत आहे. येथील पाण्याचा प्रत्येक थेंब शुद्ध होऊनच—"

"अगं बाई, मी सहलीला आले नाही. बस आधी. चहा घे."

चहा घेतल्यावर ती माणसात आली. तळ्याचं पाणी दोन दिवसांपासून खाली गेलं होतं, मासे तळाशी दाटीने फिरत होते आणि शाळेची मुलं यायची होती. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीपासून तळ्यापर्यंत एक नळ आलेला होता, त्याला व्हॉल्व्ह होता. "मी तो उघडला, मॅडम. रोज मीच तर सांगते की याच पाण्यावर मासे जगतात. वाटलं, आज व्हॉल्व्ह उघडायचा राहिला असेल कुणाकडून."

"मग?"

"थोड्या वेळाने एकेक मासा वर यायला लागला." तिने खिडकीतल्या बादलीकडे पाहिलं. "जे हाताला लागले ते बादलीत घेतले, प्यायच्या पाण्यात. साहेब म्हणतात व्हॉल्व्ह तर वर्षानुवर्षं गंजलेला आहे, तो उघडणं शक्यच नाही. मी फिनेल टाकलं म्हणतात. मॅडम, गुन्हा दाखल झाला तर मला परत कुणी नोकरी देईल का हो?"

उत्तर तिला माहीत होतं. जाताना ती दारात थांबली. "आमच्याकडे पैठणीचा पदर उलटा करून दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसायला हवी. मी त्या पाटीची मागची बाजू बघितली नाही, एवढंच माझं चुकलं."

मुलीला मी घरी पाठवलं. प्रश्न राहिला माशांचा. ते पुराव्यातली वस्तू, म्हणजे मुद्देमाल, आणि मुद्देमाल सीलबंद करावा लागतो.

"मॅडम," हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लाखेचं सील कुठं मारू? शेपटीवर?"

"बादलीच्या कडीला चिठ्ठी बांधा आणि गप्प बसा."

बादलीत ते फार दिवस राहिले नसते. म्हणून पंचांसमक्ष ते ठाण्याच्या मागच्या हौदात सोडले. सगळ्या ठाण्याला त्यांचा लळा लागला. एरवी आरोपीला दरडावणारे शिपाई हौदावर वाकून चपातीचे तुकडे टाकत, "ये रे सोन्या" म्हणत. सहायक आयुक्त तपासणीला आले, तेव्हा हौदाशी थबकले. "हे काय?"

"मुद्देमाल, सर," हवालदारांनी सलाम ठोकला. "सध्या कोठडीत आहे. तब्येत ठीक आहे."

खबर मिळाली ती याच हौदावर. एका टँकरचा आस भर चौकात तुटला होता, रस्ता अडला म्हणून आमच्या शिपायाने चालकाचा परवाना जमा केला होता. टँकर दुरुस्त झाल्यावर चालक परवाना न्यायला आला, तोंड धुवायला हौदावर गेला आणि तिथूनच ओरडला, "अरेच्चा! हे तर आपले मासे हायेत!"

मी खिडकीतून विचारलं, "तुमचे कसे?"

"आपले म्हंजे, मीच पाणी पाजतो ना त्यांना. त्या हिरव्या कंपनीच्या तळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पडतंय, लय वर्षं झाली. पहाटंच टाकून यायचं, कामगार यायच्या आधी. आता टँकरच मोडला, मग काय करणार? तळं आटलं असंल. पण मासे हितं कसे काय? पकडून आणले का? गुन्हा काय केला बिचाऱ्यांनी?"

हवालदार माझ्याकडे बघायला लागले आणि मी हवालदारांकडे. पदराची मागची बाजू दिसली होती. तळ्यात कारखान्याच्या पाण्याचा थेंबही नव्हता. मुलीने भाषणावर विश्वास ठेवून खरं पाणी सोडलं, आणि मासे त्यानेच मेले.

चालकाचा जबाब घेतला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. त्यातून टँकर येतो हे ठरत होतं, फिनेल टाकलं नाही हे ठरत नव्हतं. शिवाय कंपनीने तळं लगेच उपसून घासून काढलं होतं, त्यामुळे पाण्याचा नमुना मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक ‘अटक कधी करता’ विचारायला आले. मी त्यांना मुद्दामच मागच्या बाजूला थोडा वेळ थांबवलं आणि खिडकीतून पाहत राहिले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कोटाच्या खिशातून मूठभर चुरमुरे काढले आणि हौदात टाकले. मग एकटेच कुजबुजले, "लांब शेपटीवाली वाचली वाटतं!" चेहऱ्यावर असा आनंद की जणू घरचं माणूस दवाखान्यातून सुटून आलं.

त्या क्षणी मला मार्ग सापडला. खोटं बोलणारा माणूस प्रश्नांची उत्तरं घोकून आलेला असतो. त्याला प्रश्न विचारून फार काही हाती लागत नाही. त्याचा जीव कशात अडकलाय ते बघायचं.

घटनास्थळाचा पंचनामा ठेवला. पंच म्हणून समोरचे चहावाले आणि शेजारचे गॅरेजवाले. मुलगी हजर, व्यवस्थापक हजर, आणि हवालदारांच्या हातात टांगलेली लाल बादली, मुद्देमालासह.

मी म्हणाले, "साहेब, तुमची फिर्याद मला पक्की करायची आहे. मुलगी म्हणते तिने व्हॉल्व्ह उघडला. तुमची पाटी म्हणते पाणी शुद्ध आहे. म्हणजे व्हॉल्व्ह उघडला असता तरी मासे मेले नसते. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग सिद्धच करून टाकू. हवालदार, उघडा."

"तो गंजलाय," व्यवस्थापक घाईने म्हणाले. हवालदारांनी दोन बोटांनी फिरवला आणि नळाला धो धो पाणी आलं. आम्ही एक मोठं घमेलं भरलं. वरून पाणी स्वच्छ दिसत होतं, वासाला मात्र नाण्यांसारखं.

"आता मासे सोडा," मी म्हणाले. "शेपटीवालीपासून सुरुवात करा."

हवालदारांनी बादली तिरपी केली.

"थांबा!" व्यवस्थापक ओरडले. "नका हो, मरतील ते!"

चहावाले पंच हळूच म्हणाले, "मॅडम, हे पण लिहायचं का?"

"तेच तर लिहायचं," मी म्हणाले.

व्यवस्थापक तळ्याच्या कट्ट्यावर बसले. टाय सैल केला. "मासे तासभर जगतील एवढंसुद्धा ते पाणी बरं नाही," ते म्हणाले. "यंत्रणा अपुरी आहे. मालक म्हणतात पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. पाटी मात्र आधी लागली. वार्ताहरापुढे काय सांगणार होतो मी? हिचं नाव तोंडातून गेलं, मग परत घेता येईना." मुलीकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

परतताना जीपमध्ये हवालदारांनी विचारलं, "मॅडम, त्यांनी थांबवलं नसतं तर?"

"मी थांबवलं असतं. पण हे कुठं बोलू नका."

"मी तर बादली धरलीच होती अशी, की एक थेंब सांडणार नाही," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही नाक्यापर्यंत हसत राहिलो.

फिर्याद खोटी ठरली, तसा अहवाल न्यायालयात गेला. प्रदूषण पाहणाऱ्या खात्याला पंचनाम्याची प्रत गेली, नोटीस निघाली. खोटी फिर्याद दिल्याबद्दल व्यवस्थापकांवर कारवाई करता येत होती. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "नको मॅडम. मालकांशी माझं बोलणं करून द्या फक्त."

मालक ठाण्यात आले. मुलीला लगेच कायम करतो म्हणाले. ती म्हणाली, "करा. पण भाषण मी माझं करणार."

मला वाटलं, मालक उठून जातील. पण समोर नोटीस होती आणि खिडकीबाहेर हौदावर सगळं ठाणं उभं होतं. ते हो म्हणाले.

पुढच्या सहलीला मी साध्या कपड्यांत जाऊन मागे उभी राहिले. तळं कोरडं होतं. पाटी काढलेली. मुलगी शाळकरी पोरांना सांगत होती, "इथे आधी विहिरीचं पाणी होतं आणि आम्ही ते आमचं म्हणून सांगत होतो. आमचं पाणी अजून माशांना चालत नाही. ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी मासे येतील."

एका पोरीने विचारलं, "आता कुठं आहेत मासे?"

"पोलिसांकडे," ती म्हणाली, आणि पोरं अशी खिदळली की बाई त्यांना गप्प करता करता स्वतःच हसू लागल्या.

कोरडं तळं ही चांगली गोष्ट असते. भरलेल्या तळ्याकडे कुणी बोट दाखवत नाही, कोरड्याकडे प्रत्येक पाहुणा दाखवतो. मालकांना दर सहलीला तेच ऐकावं लागलं. नवी यंत्रणा यायला तरी काही वर्षं गेलीच. नोटिशीने थोडं केलं, पोरांच्या प्रश्नांनी बरंच. तोवर नवं शतक लागलं होतं, माझी बदली झाली होती, आणि ती मुलगी शुद्धीकरण विभागाची प्रमुख झाली होती.

एक दिवस फोन आला. व्यवस्थापकांचा. "मॅडम, येता का? मुद्देमाल परत हवाय."

हौदातल्या माशांची तोवर पुढची पिढी आली होती. हवालदार निवृत्त झाले होते, तरी मासे नेऊ देईनात. "चांगले सांभाळणार असाल तर देतो," म्हणत शेवटी तीच लाल बादली घेऊन स्वतः आले. तळ्याच्या काठावर मी बादली खाली ठेवायला गेले आणि ती कलंडली.

"मॅडम, हिला हातातच धरावं लागतं," म्हणत मुलीने ती झेलली.

व्हॉल्व्ह उघडलेला होता. पाणी कारखान्याचं होतं. तिने बादली पाण्याला टेकवून तिरपी केली. मासे आत गेले, खोल गेले, दिसेनासे झाले. तिने माझा हात घट्ट धरला होता. मग व्यवस्थापकांनी खिशातून चुरमुरे काढून टाकले, आणि खालून एक लाल तोंड वर आलं. हवालदार असे टाळ्या वाजवायला लागले की फाटकावरचा पहारेकरी धावत आला.

या केसने मला काय शिकवलं? पाटी वाचून माणूस खोटा ठरवू नये, आणि खराही. हे मी नंतरच्या पुष्कळ तपासांत वापरलं.

आणि नातीबाई, तुझ्या कंपनीच्या अंगणात तळं असेलच. त्यात पाणी कुठून येतं ते एकदा विचार. उत्तर वाईट निघालं तर लगेच राजीनामा लिहायला बसू नकोस. आधी लाल बादली कुठे टांगली आहे ते बघ.