अमावस्येचा खाडा

काल सकाळी धारा काढून, गोठा झाडून मी संगणकापुढे बसले. आमच्या कोल्हारकडच्या डेअरीचा, दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम मीच लिहिलेला, फार वर्षांपूर्वी. एआय आता प्रोग्रॅम लिहितं असं रोज वाचते, म्हणून त्याला तो तपासायला दिला.

"ही ओळ अनावश्यक आहे, काढून टाका," ते म्हणालं. अमावस्येला दूध न घालणाऱ्या घरांचा खाडा धरू नये, अशी ती ओळ. ह्यांनी माझ्याकडून आग्रहानं लिहून घेतलेली. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. ती पुसायला माझं बोट उचलेना.

शेजारी बसलेल्या जाऊबाई हसल्या. "अगं, अमावस्येला काही घरं दूध इकत न्हाईत, हे त्याला काय ठावं? रुसतीस काय, सांग की!"

सांगितलं. त्यानं ओळ ठेवली आणि विचारलं, गावात अशा आणखी कोणत्या रीती आहेत? ह्यांच्यानंतर मला असं कुणी विचारलं नव्हतं. वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे आहेत का अशा रीती?

आज सकाळी डेअरीत जाऊन मी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला तेच विचारलं.