वाकडं पान

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आमच्या शेजारचे काका गॅरेजमध्ये जुन्या अमेरिकन लांब रायफलींच्या प्रतिकृती हाताने घडवायचे. जर्मन कारागिरांनी अमेरिकेत नेलेली नक्षी ते मेपलच्या लाकडी दस्त्यावर कोरत. काहीही विचारलं की आधी छिन्नी पुसायचे, मग बोलायचे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका काढायची सवय. म्हणालो, "काका, नक्षीतलं हे पान वाकडं आलंय."

छिन्नी पुसून झाली. "ओरिजिनलमध्ये कारागिराचा हात तिथे घसरलाय. तेवढं जमायला मला तीन आठवडे लागले."

पुढच्या महिन्यात तोच दस्ता उभा चिरून टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावलेला दिसला.

"काय झालं, काका?"

हातात छिन्नी नव्हती. त्यांनी बोटंच पुसली.

"शेजारचं पानही वाकडं झालं. ती चूक माझी होती."