म्हशीचा घास

आजोबांच्या सांध्यांच्या सुजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या कायमच्या सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. सोबतचं कॅल्शियम चुकवू देऊ नका. या वयात पडले तर अवघड होईल." तेव्हापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले.

कॅल्शियमची पाकिटं वेळेवर रिकामी व्हायची. तेच मला खटकायचं, कारण आजोबा कुठलीच गोष्ट इतकी नेमानं करत नाहीत. जेवण झालं की ते गोळी हातात घेत, पण वर पाणी पीत नसत. मग रोजच्यासारखा भाकरीचा शेवटचा तुकडा घेऊन परसातल्या म्हशीकडे जात. हल्ली तो तुकडा घडी घातलेला असे.

थेट विचारायला मला जमत नाही. एका दुपारी मी नुसतीच मागोमाग गेले आणि म्हणाले, "तुकडा दाखवा ना." घडीत पांढरी गोळी होती.

"इंग्लिश शाळंत हेच शिकवत्यात व्हय, म्हाताऱ्याच्या मागं फिरायला?" ते ओरडले. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आत्ताच व्यालीया ती. कॅल्शियम तिला पायजे की! मी काय दूध देतोय?"

संध्याकाळी मी जनावरांच्या औषधांच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली. "हे तिचं, आणि ही तुमची," म्हणून गोळी पुढे केली. त्यांनी ती हसत तोंडात टाकली, वर पाणीही प्यायले.

मी समोरून हलले नाही. म्हटलं, "आ करा."